माळावरची झोप

झोप हा विरंगुळा आहे की नाही? असं कुणी विचारलं तर आपण त्याला खुळ्यात काढू. जेवणं आवरून, ओटा पुसून, दुपारी घटकाभर पाठ टेकायला मिळाली तर तो विरंगुळा नाही तर काय, असं आपल्यातली कुणीही सांगेल. पण ह्याच प्रश्नावर इंग्लंडात अडीच वर्षांत तीन कोर्टं झाली आणि २१ मे २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शेवटचा निकाल दिला. त्या निकालाला पंधरवडा होतो न होतो तोच मी त्याच माळावर जाऊन दोन रात्री झोपून आले. 'झोपून आले' हे बोलण्यापुरतं. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, ते पुढे येईलच.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात मी तीन महिने लेकीकडे एक्झिटरला होते. एक्झिटर म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात. एके दिवशी लेकीने जेवताना जाहीर केलं, "आई, तुझं बुकिंग केलंय. शुक्रवार ते रविवार, डार्टमूरवर. फक्त बायका, बरोबर एक गाईड बाई, पाठीवर तंबू, हॉटेल नाही, बाथरूम नाही." तिची स्वतःची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणजे मी अनोळखी बायकांबरोबर जायचं. वय वर्षं एकोणसाठ!

बेळगावला फोन केला तर धाकटा भाऊ म्हणाला, "तंबूत? ह्या वयात? पाठ धरली तर कोण बघणार?" आमच्या शेजारच्या अक्कांनी मात्र नेमका बाण मारला. "ओब्बाकीन मलगतियेन?" एकटीच झोपणार का गं तू? आता अक्का मला तीस वर्षं ओळखतात. हे गेल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, टिळकवाडीच्या घरात मी दिवा लावून झोपते, हे त्यांना त्यांच्या खिडकीतून दिसतं. कडी तीनदा बघते. टीव्ही बारीक आवाजात चालू ठेवते, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून. चोराची भीती म्हणाल तर ती आहेच, पण नुसती तेवढीच नव्हे. ज्या बायका एकट्या राहतात त्यांना वेगळं सांगायला नको.

मूर म्हणजे काय ते आधी सांगते. आपला माळ म्हणा, पण कोरडा नव्हे. मैलच्या मैल झाड नाही, नुसतं गवत, नेचे आणि काटेरी झुडपं, आणि खाली काळी, भिजलेल्या स्पंजासारखी माती. शेवाळ वर्षानुवर्षं पाण्यात अर्धवट कुजून ती बनते, पीट म्हणतात तिला. मधूनमधून डोंगरमाथ्यावर ग्रॅनाइटच्या खडकांची एकावर एक उतरंड रचावी तसे ढीग, त्यांना तिथे 'टॉर' म्हणतात. सगळं राष्ट्रीय उद्यान ९५४ चौरस किलोमीटरचं आहे, १९५१ साली जाहीर झालेलं. सर्वांत उंच जागा ६२१ मीटर. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. म्हणजे आमच्या घरचं तुळशीवृंदावन त्यांच्या शिखरापेक्षा उंच! हे मी गाईड बाईंना सांगितलं तेव्हा त्या खो खो हसल्या. पण ऊन आणि पाऊस उंचीवर नसतात हो अवलंबून. डार्टमूरला दोन्ही बाजूंनी समुद्राचा वारा येतो आणि जूनमध्येसुद्धा रात्री कानटोपी लागते.

ह्या माळाचा मोठा भाग 'कॉमन' आहे. कॉमन म्हणजे आपलं गायरान, कन्नडात गोमाळ. फरक एवढाच की ह्या गायरानाला खाजगी मालक असतात. बराच भाग तर डची ऑफ कॉर्नवॉलचा, म्हणजे युवराजाच्या जहागिरीचा आहे. जमीन मालकाची, चराईचा हक्क आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा, आणि फिरण्याचा हक्क सगळ्या जनतेचा. हा फिरण्याचा हक्क १९८५ च्या एका स्वतंत्र कायद्याने दिला. पायी किंवा घोड्यावरून, मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी लोकांना तिथे जाता येईल, असं त्यात म्हटलं. लोक जात, तंबू ठोकत, सकाळी गुंडाळून निघत. कुणी काही बोललं नाही.

मग दक्षिणेकडच्या सुमारे चार हजार एकरांच्या इस्टेटीचे मालक नवरा-बायको कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, चाला, घोडा फिरवा, पण रात्री मुक्काम करायचा तर आमची परवानगी पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने ते मान्य केलं. रात्रीचा तंबू त्या 'विरंगुळ्या'त मोडत नाही, असा निकाल आला. आठवड्याभरातच हजारो लोक निषेधाला त्या माळावर चढले. जुलै २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, मालक आणखी वर गेले, आणि मे २०२५ मध्ये तिथेही हरले. उरलेल्या इंग्लंडात आणि वेल्समध्ये असं कुठेही तंबू ठोकायचा हक्क नाही, मालकाला विचारावं लागतं. स्कॉटलंडला तो २००३ च्या कायद्याने मिळाला आहे.

मला त्या मालकांचा अगदीच राग येत नाही. लोक शेकोट्या पेटवतात, बाटल्या टाकून जातात, कुत्री मोकळी सोडतात. कणेरीच्या मठावरून येताना वाटेत प्लॅस्टिक बघून आपलाही जीव तुटतोच की. पण कोर्टापुढचा मुद्दा कचऱ्याचा नव्हता. चालून दमलेलं माणूस त्याच गवतावर आडवं झालं तर त्याचा विरंगुळा तिथे संपतो का, असा तो सरळ प्रश्न होता. आणि तो वाचताना मला आपल्या बायकाच आठवत राहिल्या.

आपल्याकडे बाई रात्री उघड्यावर कधी असते? सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत असते. आमची आजी पौर्णिमेला बैलगाडीने जायची, गाडीखाली वाकळ टाकून झोपायची, डोंगरभर माणूसच माणूस. वारीत असते. सुगीला खळ्यावर असते. आणि पहाटे अंधारात, तांब्या घेऊन, दोघी-तिघी मिळून जातात ना, तेव्हा असते. खानापूरकडे माझ्या माहेरी हे मी स्वतः केलंय, कंदील विझवून, गव्यापेक्षा माणसाची चाहूल घेत. देवासाठी, पोटासाठी, नाहीतर नाइलाजाने. नुसतं बरं वाटतं म्हणून बाई रात्री माळावर गेली, असं ऐकलंय कधी? गेली असेल तर तिच्यावर लावणी तरी झाली असेल नाहीतर पंचायत तरी बसली असेल.

म्हणून 'फक्त बायकांसाठी' ही पाटी मला आधी जरा शिष्टपणाची वाटली होती, ती जाताना गाडीतच कळली. एक्झिटरहून ओकहॅम्प्टनला रेल्वे जाते. तो मार्ग कित्येक वर्षं प्रवाशांसाठी बंदच होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे बेलस्टोन नावाच्या गावातून चालायचं. आम्ही गाईड धरून सहाजणी. एक निवृत्त नर्स, एक शाळामास्तरीण, एक नुकताच घटस्फोट झालेली, आणि एक बावीस वर्षांची पोर. सगळ्याजणी तिथल्याच, त्याच मातीतल्या, हाफपँट घालून वाढलेल्या. तरी एकीनेही ह्याआधी एकटीने माळावर रात्र काढली नव्हती. कारण विचारलं तर नर्सबाई म्हणाल्या, "लांडगा नाही, अस्वल नाही, विषारी म्हणावा असा एकच साप आहे आणि तो बिचारा पळून जातो. मग आम्ही कुणाला भितो, ते तुम्हीच ओळखा." मी ओळखलं. त्याला भाषांतर लागत नाही.

पाठीवर अकरा किलो होतं. तंबू, झोपायची पिशवी, खाली टाकायची चटई, रेनकोट, एवढीशी गॅसची शेगडी, पाणी गाळायची बाटली, सगळं भाड्याचं. खायला प्रत्येकीने आपापलं आणायचं होतं. त्यांच्याकडे पाकिटं, गरम पाणी ओतलं की पुलाव! मी काय नेलं? कुंदा नेता आला नाही. इथून दुधाचे पदार्थ तिकडे चालतच नाहीत, विमानतळावर काढून घेतात, तेव्हा कुणी त्या भानगडीत पडू नका. पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याजवळ होती. मैत्रिणींनो, ज्या कुणी उत्तर कर्नाटकातल्या बाईने ज्वारीची भाकरी कडक वाळवून ठेवायची युक्ती पहिल्यांदा काढली तिला गिर्यारोहकांनी नमस्कार केला पाहिजे. वजन नाही, शिजवणं नाही, आंबणं नाही. सॅकमध्ये तुकडे झाले, त्याने काय बिघडतं? शनिवारी दुपारपर्यंत त्या पाचही जणी 'रोट्टी' म्हणायला शिकल्या होत्या आणि त्यांचे पुलाव तसेच राहिले होते.

ताव नावाची नदी आहे, तिच्या कडेकडेने आम्ही वर चढलो. गॉर्स म्हणून एक काटेरी पिवळं झुडूप असतं, त्याच्या फुलांना अगदी ओल्या खोबऱ्याचा वास येतो. मी वाटेत थांबून पुन्हा पुन्हा हुंगत होते, बाकीच्यांना कळेना ही बाई काट्यात नाक का खुपसते! त्यांना तो वास सन-टॅन लोशनचा वाटतो म्हणे. ज्याचा त्याचा संसार. मेंढ्या, गाई आणि अंगभर केसांची बुटकी तट्टं मोकळी चरत होती. तट्टं रानटी दिसतात, पण प्रत्येकाचा मालक कुणीतरी शेतकरी असतो.

उत्तर भागात लष्कराची गोळीबाराची मैदानं आहेत, दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा दिसला तर तिकडे पाऊल टाकायचं नाही. गाईड बाईंनी लष्कराचं वेळापत्रक आणि तंबू कुठे चालतो त्याचा उद्यानाचा नकाशा आधीच बघून ठेवला होता. हक्क मिळाला म्हणजे वाट्टेल तिथे बस्तान नाही. रस्त्यापासून शंभर मीटरच्या आत नाही, घरांवरून दिसेल असं नाही, दगडी कुंपणाच्या आतल्या शेतात नाही, पुराणवस्तूंवर नाही, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि विस्तव तर अजिबात नाही. पीटच पेटतो, आणि पेटला की जमिनीच्या आत धुमसत राहतो.

आता तो विषय, जो सगळ्याजणींच्या मनात असतो आणि कुणी विचारत नाही. बायकांचं पान आहे, लिहायला हरकत नसावी. गाईड बाईंनी प्रत्येकीला एक छोटं खुरपं दिलं. पाण्यापासून तीस मीटरहून लांब जायचं, वीतभर खड्डा, काम झालं की माती आणि वर गवताचा तुकडा परत. कागद मात्र पुरायचा नाही, पिशवीत घालून परत न्यायचा. पाळीचं सामानही तसंच, दुहेरी पिशवीत. हे सगळं त्यांनी इतक्या शांतपणे, चहाची कृती सांगावी तसं सांगितलं. आणि एक नियम, जाताना खुरपं घेऊन "मी जाते गं" असं मोठ्याने म्हणायचं, म्हणजे बाकीच्या त्या दिशेला पाठ करतील. पहाटेच्या अंधारात कंदील विझवणाऱ्या माझ्या आईला हे सांगायला हवं होतं.

तंबू प्रत्येकीचा वेगळा. शवपेटीएवढा, असं मी म्हटलं तर लेक रागावली. सव्वानऊला सूर्य बुडाला तरी उजेड रेंगाळत होता. पौर्णिमा जवळ आलेली, पण चंद्र ढगात. मंगळवारी वटपौर्णिमा आहे हे मला तिथे आठवलं. ज्या सणाचं माझं कारण संपलं त्याची तारीख डोक्यातून जात नाही, गंमतच आहे. चेन ओढली आणि आत पडले. दिवा लावायचा नव्हता. कपाळावरची बॅटरी होती, पण तंबूत ती लावली की आपली सावली बाहेरून अख्ख्या माळाला दिसते. म्हणजे आता दिवा हीच भीती!

मग आवाज सुरू झाले. कापड फडफडतंय. नदी बोलतेय, आणि नदीच्या आवाजात माणसांची कुजबुज ऐकू येते, हे ज्यांनी नदीकाठी रात्र काढली त्यांना माहीत असेल. वरून कुठला तरी पक्षी बकरीसारखा घुर्र घुर्र आवाज करत जातोय. सकाळी कळलं तो पाणलावा, शेपटीच्या पिसांतून तो आवाज काढतो. हे सगळं एकवेळ चालेल. पण साधारण एकच्या सुमाराला, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, कुणीतरी खोकलं.

घसा खाकरून, साठीचा पुरुष खोकतो तसं. स्पष्ट.

माझं अंग बर्फ झालं. ओरडावं तर घसा बंद. हातात काय, तर प्लॅस्टिकचा चमचा. डोक्यात एकाच वेळी सगळं, कडी लावली का (तंबूला कसली कडी?), लेकीला काय सांगतील, भाऊ म्हणेल मी सांगत होतो. पुन्हा खोकला. मग फुरफुर, आणि गवत तोडल्याचा कर्र कर्र आवाज. तरी कळायला वेळ लागला. शेवटी बाजूच्या तंबूतून बावीस वर्षांच्या पोरीचा रडवेला आवाज आला, "प्लीज, ती मेंढी आहे असं कुणीतरी सांगा ना." आणि पाचही तंबूंतून एकदम उत्तर आलं, मेंढीच आहे! म्हणजे सगळ्याजणी जाग्या होत्या. प्रत्येकजण आपापल्या तंबूत, आपापला चमचा धरून, श्वास रोखून पडलेली. नर्सबाई तर चाळीस वर्षं नाइट ड्यूटी केलेली बाई, त्यांनी बूट घालून ठेवले होते. गाईड बाईसुद्धा जागी होती. ती म्हणाली, मेंढीचा खोकला मला पुरता ओळखीचा आहे, तरी दर वेळी पहिला क्षण तोच येतो.

आम्ही हसलो खूप. पण सकाळी चहाला कुणी फारसं हसत नव्हतं. शाळामास्तरीण म्हणाली, "माझा नवरा ह्याच माळावर एकटा येतो. घरी येऊन मेंढ्यांनी झोपू दिलं नाही म्हणतो. त्याला मेंढी ही मेंढीच ऐकू येते." ह्यावर कुणी काही बोललं नाही. मी सगळ्यांना चटणी वाढली.

शनिवारी दाट धुकं. दहा पावलांवरची बाई दिसेना. फोनला रेंज नाही. गाईड बाई म्हणाल्या, उत्तम, आता शिकू. नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. होकायंत्राने दिशा धरायची आणि पावलं मोजायची. डावा पाय पडला की एक, असं धरलं तर माझ्या शंभर मीटरला सत्तर होतात. प्रत्येकीने पाळीपाळीने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी मुकाट मागून यायचं. माझी पाळी आली तेव्हा चारशे मीटरवरचं एक ओढ्याचं वळण गाठायचं होतं. मी मराठीत मोजत होते. दोनशे सत्तरला पायाखाली जमीन हलली. हिरवीगार, मऊ, गादीसारखी. अशा दलदलीला ते 'पिसांची गादी' म्हणतात, पाय दिला तर गुडघ्यापर्यंत जातो. वळसा घालून पुन्हा दिशा धरली, आणि तीनशे दहाला पाण्याचा आवाज आला. लग्नाआधी सायकल शिकले होते, त्यानंतर इतकी ताठ मान झाल्याचं आठवत नाही.

धुक्यात वाट चुकण्याला तिथे 'पिक्सी'चा खेळ म्हणतात. पिक्सी म्हणजे बुटके, खोडकर भुतं. म्हणजे आपला चकवाच की! माणूस रात्रभर त्याच शेतात गोल गोल फिरतो, तोच प्रकार. उतारा काय, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. आमच्याकडे चपला उलट्या घालायला सांगायचे. सात समुद्रांपलीकडे भुतांचं व्याकरण एकच.

संध्याकाळी रिमझिम पावसात, एकीच्या मोठ्या पावसाळी कापडाखाली दाटीवाटीने बसलो असताना गाईड बाईंनी जेच्या थडग्याची गोष्ट सांगितली. माळाच्या पूर्वेकडे रस्त्याच्या तिठ्यावर एक लहानशी मातीची कबर आहे. १८६० च्या सुमाराला रस्त्याचं काम करताना तिथे एका तरुण बाईची हाडं सापडली. सांगतात ते असं, की ती अनाथालयातली पोर, शेतावर मोलकरीण म्हणून आलेली. कुणीतरी फसवलं आणि तिने गोठ्यात गळफास घेतला. आत्महत्या करणाऱ्याला तेव्हा चर्चच्या जमिनीत जागा नसे, म्हणून वस्तीबाहेर, रस्त्यांच्या फाट्यावर पुरली. त्या थडग्यावर आजही ताजी फुलं असतात, आणि ती कोण ठेवतं ते कुणी सांगत नाही. गोष्टीत किती खरं, किती पदरचं, देव जाणे. पण ती ऐकताना मला खानापूरची आमची एक विहीर आठवली. तिच्यावर फुलं नसतात. तिच्या नावाने फक्त मुलींना गप्प करतात.

दुसऱ्या रात्री मी झोपले. साडेनऊला आडवी झाले ती एकदम पहाटे, चंडोल डोक्यावर गायला लागला तेव्हा उठले. मेंढ्या खोकल्या असतील नसतील. थकवा म्हणा, सवय म्हणा. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नोडु, अंजब्याड अंत नानु हेळलिल्लेन?" बघ, भिऊ नको म्हणून मी सांगितलं नव्हतं? प्रत्यक्षात त्यांनी असं काही सांगितलं नव्हतं! आता कुणी विचारेल, घरी आल्यावर काय? घरी दिवा लावूनच झोपते. पण आता तो बाहेरच्या खोलीतला असतो, आणि टीव्ही बंद.

एक गोष्ट मात्र ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ध्यानात ठेवा. शनिवारी रात्री आणि रविवारी सकाळी गाईड बाईंनी सगळ्यांना गुडघ्यामागे, काखेत, कमरेशी गोचीड बघायला लावली. तीळभर असते. तिकडच्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होऊ शकतो. चावल्यावर काही दिवसांनी कातडीवर लाल वर्तुळ उठलं की डॉक्टर, वेळेत गेलं तर अँटिबायोटिकने बरा होतो. आपल्याला हे नवं नाही. शिमोग्याकडचा मंगन कायिले, म्हणजे माकडताप, गोचिडीनेच येतो आणि तो सत्तरी, दोडामार्गपर्यंत आलेला आहे. तो विषाणूचा आजार, हा जिवाणूचा. पण बघायची पद्धत एकच, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल नाही, विडी नाही. माझ्या गुडघ्यामागे एक निघाली. नर्सबाईंनी काढली, आणि मग त्यांच्या पाठीवरची मी.

रविवारी उतरताना बेलस्टोनच्या वर एक दगडांचं रिंगण लागतं. कंबरेएवढेही नाहीत, चारदोन तर मांडीपर्यंतच. 'नऊ कुमारिका' म्हणतात त्यांना. ह्या पोरी रविवारी, देवाच्या वारी, माळावर येऊन नाचल्या म्हणून त्यांचे दगड झाले. आणि भर दुपारी बारा वाजता त्या अजूनही नाचतात म्हणे! आम्ही पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होते. रविवारच होता. सॅका खाली टाकल्या, उरलेल्या भाकरीचे तुकडे काढले आणि बसून राहिलो. बावीस वर्षांच्या पोरीने दगड मोजले तर सोळा भरले, नर्सबाईंचे सतरा. नाव मात्र नऊच. बारा वाजून गेले. दगड हलले नाहीत, पण घटस्फोटवाली उठली आणि रिंगणाच्या मधोमध बूट काढून दोन गिरक्या घेतल्या तिने. मग मास्तरीण उठली. मला फुगडी येते म्हटल्यावर माझी सुटका नव्हती. अकरा किलोची सॅक उतरल्यावर अंग असं हलकं होतं, की काही विचारू नका. नर्सबाईंबरोबर धरली. त्यांचं वय सदुसष्ट.

नंतर घाई झाली, कारण ओकहॅम्प्टनची गाडी तासाला एकच असते.